आधी कंदील, मग चिलखत: एका कॉस्प्ले फोटोशूटच्या तयारीचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण चौघांच्या एका लहान चमूचं आहे: पात्राचा हुबेहूब पोशाख करून ते साकारणारी कॉस्प्लेअर, प्रॉप म्हणजे पात्राच्या हातातल्या वस्तू बनवणारा तिचा मित्र, फोटोग्राफर आणि लाइट सांभाळणारा मी. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पात्रही कामापुरतंच सांगतो.

पात्र एका व्हिडिओ गेममधलं. पडक्या तटबंदीवर रात्रीचा पहारा देणारी रक्षक. अंगावर काळपट पोलादी चिलखत, त्यावर खोल हूडचा गडद निळा झगा, हातात डोक्याच्याही वर जाणारी काठी आणि काठीच्या टोकाला पेटता कंदील. कॉस्प्लेअरला एकच मुख्य फोटो हवा होता: संध्याकाळचं निळं आकाश मागे, हातात कंदील, त्याचा उबदार उजेड चेहऱ्यावर आणि हूडच्या सावलीतून दिसणारे डोळे. बाकीचे फोटो मिळाले तर उत्तम, पण हा हवाच.

संदर्भचित्रांचा साठा तिच्याकडे भरपूर होता. पुढून, मागून, बाजूने, अगदी बुटांच्या बकलांचंसुद्धा जवळून घेतलेलं चित्र होतं. पण गेममधला उजेड चित्रकाराच्या मर्जीने पडतो. हूड कितीही खोल असलं तरी डोळे दिसतात. कंदील जळतो, पण त्याची ज्योत पांढरी फटक होत नाही. चिलखताची प्रत्येक कड चमकते आणि मागचं आकाशही निळंच राहतं. कॅमेऱ्यासमोर या सगळ्या गोष्टी एकाच फ्रेममध्ये आणायच्या तर एकीसाठी दुसरीचं काहीतरी सोडावं लागतं. या प्रकरणातले जवळजवळ सगळे निर्णय त्या सोडण्याबद्दलचे आहेत.

काम नेहमीच्या क्रमाने सुरू झालं: आधी पोशाख, मग प्रॉप, आणि लाइटचं शूटच्या दिवशी बघू. चिलखत ईव्हीए फोमचं, म्हणजे हलक्या, रबरासारख्या शीटचं होतं. छाती-पाठीला ५ मिमी, खांद्यांच्या जाड पाकळ्यांना १० मिमी, कडांच्या नक्षीला २ मिमी. अंगाला क्लिंग फिल्म गुंडाळून त्यावर मास्किंग टेप लावायची, टेपवर रेषा आखायच्या, कापून सपाट करायचं आणि त्यावरून कागदी साचे काढायचे, या पद्धतीने मापं घेतली होती. ती उत्तम बसली. झग्याचा साध्या सुती कापडाचा कच्चा नमुना शिवून झाला होता, खरं कापड अजून कापलं नव्हतं. कंदिलाचा सांगाडा तयार होता आणि त्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येईल अशी आरजीबी एलईडी पट्टी बसवली होती. प्रॉप करणाऱ्याने तिच्यासाठी ज्योत थरथरल्यासारखी दिसेल असा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. अंधाऱ्या खोलीत तो कंदील इतका खरा वाटायचा की आम्ही सगळे नुसते बघत बसायचो.

खरं कापड कापण्याआधी आणि चिलखताला रंग देण्याआधी फोटोग्राफरने एक आग्रह धरला: आहे त्या अवस्थेत, अर्धवट पोशाखावर, एक चाचणी शूट करू. पुढे जे जमलं त्यातलं बरंचसं या आग्रहामुळे जमलं.

अडचण

चाचणी एका मोठ्या अंधाऱ्या खोलीत झाली. पहिला फोटो स्टुडिओतल्या सवयीप्रमाणे घेतला: एफ ८ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, समोरून सॉफ्टबॉक्समधला, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतला फ्लॅश. पोशाख स्वच्छ दिसला आणि कंदील विझलेला दिसला. तो पेटलेलाच होता, पण फ्लॅशसाठी लावलेल्या सेटिंगला त्याचा उजेड पुरत नव्हता.

मग फ्लॅश बंद केला, शटर मंद केलं, आयएसओ वाढवला. आता कंदील पांढरा फटक, आतली नक्षी गायब, आणि हूडच्या आत काळोख. शिवाय कॅमेरा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर होता, त्यामुळे कंदिलावर आणि चेहऱ्यावर आडवे पट्टे आले. अशा एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मंद झाल्याचा भास देतात. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, त्याला ते लगेच दिसतं.

तिसरी गोष्ट सर्वात त्रासदायक होती, कारण तिला सेटिंगचा उपाय नव्हता. कंदिलाच्या उजेडात कॉस्प्लेअरची त्वचा मेलेली दिसत होती. आरजीबी पट्टीतला 'अंबर' म्हणजे लाल आणि हिरवा एकत्र. डोळ्याला पिवळसर नारिंगी वाटतं, पण मधले रंग त्या उजेडात जवळजवळ नसतातच. त्वचेला नेमके तेच लागतात. गालाचा एक भाग लालभडक, दुसरा हिरवट.

त्याशिवाय: कंदील कमरेजवळ धरला की उजेड हनुवटीखालून वर येई आणि शांत रक्षकाऐवजी भुताचा चेहरा दिसे. बाजूने आलेल्या लाइटमध्ये फोमचे सगळे जोड उठून दिसत. झग्यासाठी आणलेल्या गडद निळ्या कापडाचा तुकडा नारिंगी उजेडात चक्क काळा होई. आणि पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद पडे, कारण कंदील इतका कमी करंट घेत होता की पॉवर बँकेला वाटे काही जोडलेलंच नाही.

पहिला निर्णय: कंदील खरा पेटवायचा की नंतर रंगवायचा?

चाचणीनंतरची बैठक लांबली. कंदिलाबाबत चार पर्याय पुढे आले.

कंदील न पेटवता शूट करायचं आणि उजेड एडिटिंगमध्ये घालायचा, हा सर्वात सुरक्षित पर्याय. काच आणि ज्योत नंतर रंगवता येते. पण झग्याच्या घडीघडीवर, चिलखताच्या कडांवर, हाताच्या बोटांच्या मधून जाणारा उजेड नंतर पटेल असा घालणं फार कष्टाचं असतं आणि बहुतेक वेळा तो चिकटवल्यासारखा दिसतो. कॉस्प्लेअरने हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

कंदिलाच्या आत छोटा फ्लॅश लपवायचा हा दुसरा. उजेड भरपूर मिळाला असता, पण काठीच्या टोकावर फ्लॅशचं वजन आणि हात काही मिनिटांत भरून येणार. शिवाय फ्लॅश क्षणभरच पेटतो, त्यामुळे फोटो काढेपर्यंत पोज देणाऱ्या व्यक्तीला उजेड कुठे पडतोय ते दिसत नाही.

तिसरा, आहे तीच आरजीबी पट्टी ठेवायची आणि मेकॅनिकल शटर वापरायचं. १/६० सारख्या शटरला पट्टे आले नसते. पण थरथरत्या ज्योतीमुळे प्रत्येक फ्रेममध्ये उजेड कमीजास्त झाला असता आणि त्वचेचा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा पर्याय निवडला: कंदिलात साधी, एकाच रंगाची वॉर्म व्हाइट पट्टी, सुमारे २७०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर), मंद करणाऱ्या सर्किटशिवाय थेट बॅटरीवर. कंदील स्वतः फक्त 'पेटलेला दिसण्याचं' काम करेल. चेहऱ्यावरचा उजेड मुख्यतः फ्रेमबाहेरच्या, नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक फिल्म) लावलेल्या फ्लॅशमधून येईल, पण त्याच दिशेने, म्हणजे बघणाऱ्याला तो कंदिलाचाच वाटेल.

यात एक माणूस दुखावण्याची शक्यता होती. प्रॉप करणाऱ्याने ज्योतीच्या प्रोग्रॅमवर मन लावून काम केलं होतं आणि आता तीच गोष्ट काढायची होती. आम्ही घाईने 'हे नको' म्हणून मोकळे झालो नाही. आरजीबी उजेडातला आणि साध्या बल्बमधला चेहऱ्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यालाच दाखवले. ते पाहून त्यानेच सुचवलं की कंदिलाचा गाभा सुटा करू: एक गाभा स्थिर उजेडाचा, फोटोसाठी, दुसरा थरथरत्या ज्योतीचा, कॉस्प्लेच्या संमेलनात लोकांसमोर वावरण्यासाठी. दोन्ही खालून फिरवून बसतात. हा उपाय बाकी तिघांपैकी कुणालाच सुचला नव्हता.

पॉवर बँकेऐवजी चार रिचार्जेबल पेन्सिल सेल घेतले. निकेल मेटल हायड्राइड सेल प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे चार मिळून ४.८, ५ व्होल्टच्या पट्टीला योग्य. साधे अल्कलाइन सेल घातले असते तर नवे असताना ६ व्होल्ट झाले असते आणि बंद कंदिलात पट्टी तापली असती. उघडे लिथियम सेल वापरायला मी ठाम नकार दिला. फोम आणि कापडाने मढवलेल्या माणसाच्या डोक्याशेजारी ती जोखीम घ्यायची नाही.

दुसरा निर्णय: चिलखताचा आणि झग्याचा रंग

कंदील ठरल्यावर चिलखताचा रंग ठरवणं सोपं झालं. आता तो डोळ्याने ठरवायचा नव्हता, त्याच लाइटखाली काढलेल्या फोटोवरून ठरवायचा होता.

उरलेल्या फोमचे तळहाताएवढे तुकडे घेतले, प्रत्येकावर मुद्दाम एक जोड ठेवला आणि खऱ्या चिलखतासारखीच प्रक्रिया केली. हीट गन फिरवून पृष्ठभाग बंद केला, लवचिक रबरी प्रायमरचे थर दिले, मग रंग. एक तुकडा पूर्ण चकचकीत काळा, एक सॅटिन (अर्धवट चमकीचा), एक मॅट (बिनचमकीचा). प्रत्येकाच्या निम्म्या भागावर कडांना कोरड्या ब्रशने चंदेरी रंग आणि ग्रॅफाइटची पूड चोळली. मग हे तुकडे एका पुठ्ठ्यावर लावून, शूटला जेवढं अंतर असणार तेवढ्यावरून, कंदील आणि जेलच्या फ्लॅशखाली फोटो काढले.

हातात घेतल्यावर चकचकीत तुकडा सगळ्यात देखणा वाटत होता. फोटोत तो सगळ्यात वाईट निघाला. त्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन जसाच्या तसा उमटला आणि फोमचा प्रत्येक उंचवटा थरथरताना दिसला. धातू खरा वाटतो तो त्यात आजूबाजूचं प्रतिबिंब असतं म्हणून. चकचकीत रंगात ते प्रतिबिंब धारदार उमटतं आणि पृष्ठभाग किती वाकडातिकडा आहे ते सांगून टाकतं. मॅट तुकडा कापडासारखा दिसला. सॅटिनवर, कडांना ग्रॅफाइट लावलेल्या भागात, प्रतिबिंब पसरट झालं आणि पोलाद वाटू लागलं. तोच ठरला. ग्रॅफाइट झग्याला लागू नये म्हणून वर सॅटिन व्हार्निशचा पातळ हात दिला.

त्याच तुकड्यांवर दिसलेले जोड भरायला लवचिक ॲक्रिलिक फिलर वापरला, ओल्या बोटाने सपाट केला. सिलिकॉनचा सीलंट घेऊ नये. त्यावर रंग धरतच नाही. चिकटवण्यासाठी कॉन्टॅक्ट सिमेंट होतं: दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच जुळवून दाबायचं. एकदा धरलं की सरकवता येत नाही. त्याची वाफ घातक असते. उघड्या खिडक्या हव्यातच, शिवाय सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क हवा. धुळीसाठीचा कागदी मास्क इथे काही कामाचा नाही.

झग्याच्या निळ्या रंगावर मात्र वाद झाला. संदर्भचित्रातला निळा जवळजवळ रात्रीच्या आकाशाचा. तोच घेतला तर कंदिलाच्या बाजूचा झगा काळा पडणार, कारण नारिंगी उजेडात निळं असं फार थोडं असतं आणि निळ्या कापडाला परत पाठवायला काही उरत नाही. माझं म्हणणं होतं की कापड दोन छटा उजळ आणि अधिक निळं घ्यावं. कॉस्प्लेअरला चिंता होती की समोरून पाहणारे लोक, विशेषतः स्पर्धेतले परीक्षक, रंग चुकला म्हणतील. चिंता रास्त होती. शेवटी तिने तीन छटांचे तुकडे त्याच लाइटखाली काढून पाहिले आणि मधली निवडली. संमेलनाच्या पांढऱ्या उजेडात तो झगा संदर्भापेक्षा किंचित उजळ दिसतो, फोटोत मात्र बरोबर. तिने फोटोच्या बाजूने कौल दिला आणि मला तो पटतो, कारण या पोशाखाचं पहिलं काम तो एक फोटो होतं.

तिसरा निर्णय: हूड आणि चेहरा

हूड खोल असणं ही पात्राची ओळख. पण खोल हूडमध्ये वरून येणारा कुठलाही लाइट पोचत नाही. हूड लहान करायचं, की लाइट खाली आणायचा?

दोन्ही थोडंथोडं केलं. हूडच्या कडेच्या दुमडीत वाकेल पण आकार धरेल अशी तार घातली, म्हणजे फोटोपुरती कड बोटभर मागे आणि बाहेर वळवता येते. अस्तर काळ्याऐवजी राखाडी घेतलं. फोटोत ते सावलीतच राहतं, पण गालाकडे थोडा उजेड परतवतं. आणि पोज बदलली: काठी जमिनीवर टेकवून तिरकी धरायची, म्हणजे टोकाचा कंदील डोळ्यांच्या पातळीवर, चेहऱ्याच्या थोडा पुढे येतो.

इथे अंतराचा हिशेब महत्त्वाचा ठरला. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. कंदील चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असताना जेवढा उजेड पडतो, त्याचा एक मीटरवर चौथा भागच उरतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पोज देताना हात सहज तेवढा पुढेमागे होतो. म्हणून काठीवर मूठ कुठे धरायची तिथे आतल्या बाजूने टेपचा खरखरीत पट्टा लावला. अंधारातही तिच्या बोटांना तो लागे आणि कंदील दर वेळी त्याच जागी येई.

मेकअपही याच लाइटखाली पुन्हा ठरवला. पात्राच्या गालावर जुनी जखम आहे. साध्या उजेडात तपकिरी-लाल रंगाने केलेली जखम अप्रतिम दिसत होती. नारिंगी उजेडात ती जवळजवळ पुसली गेली, कारण लालसर रंग त्या उजेडात त्वचेइतकेच उजळ होतात. तीच जखम जांभळट-करड्या रंगाने केल्यावर नीट उमटली. ओठांचंही तसंच. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सचा विषय निघाला तेव्हा तिने तो लगेच संपवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मापं घेऊन दिलेल्या लेन्स हाताशी नव्हत्या आणि तशा नसतील तर घालायच्याच नाहीत. बुबुळांचा रंग एडिटिंगमध्ये सहज बदलतो.

प्रत्यक्ष शूट

जागा बाहेरची, पडक्या दगडी भिंतीची. परवानगी लेखी घेतली होती आणि काठी व चिलखत प्रॉप आहे हेही त्यात नमूद केलं होतं. हे आवर्जून करावं. लांबून पाहणाऱ्याला फोमची वस्तू शस्त्र वाटू शकते.

वेळ सूर्यास्तानंतरची निवडली. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशात वापरण्याजोगा निळा उजेड असतो. स्टुडिओत मागे निळा पडदा लावून हे करता आलं असतं आणि घाईही नसती. पण भिंतीच्या दगडांवर आकाशाचा जो मऊ निळा हात फिरतो तो आम्हाला हवा होता.

रंगाची मांडणी व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा धरायचा त्यावर उभी केली. कॅमेरा ३८०० केल्विनवर ठेवला. मग साधा, जेल नसलेला फ्लॅश सुमारे ५५०० केल्विनचा असल्यामुळे आपोआप थंड निळसर दिसतो. तो मागून, खांद्यांच्या आणि हूडच्या कडांवर टाकला, चंद्रप्रकाशासाठी. पुढच्या फ्लॅशला पूर्ण सीटीओ (उजेड नारिंगी करणारं) जेल लावलं की तो सुमारे २९०० केल्विनवर येतो आणि कंदिलाशी जुळतो. त्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी लावली, म्हणजे उजेड चेहरा आणि छातीपुरता राहतो, भिंतीवर सांडत नाही. निळ्या जेलची गरजच पडली नाही.

आता या शूटमधली खरी गाठ. फ्लॅश आणि आकाश एकत्र टिपताना नेहमीचा नियम असा: फ्लॅशचा उजेड ॲपर्चरने सांभाळायचा, आकाशाचा शटरने. आकाश मावळत जाईल तसं शटर मंद करत जायचं, फ्लॅशवर परिणाम होत नाही. पण कंदील हा सतत पेटलेला दिवा आहे. शटर मंद केलं की आकाशाबरोबर कंदीलही उजळतो. एफ ४, आयएसओ ४०० ला कंदील १/६० वर अगदी बरोबर दिसत होता: ज्योतीचा गाभा उजळ, भोवतीची काच नारिंगी, जाळीची नक्षी स्पष्ट. १/३० ला तो भडक होतो, १/१५ ला पांढरा. आणि आकाश तर मिनिटामिनिटाला शटर मंद करायला लावतं.

यावर दोन मार्ग होते. शटर १/६० वर बांधून ठेवायचं आणि आकाश स्वतःहून बरोबर उजेडावर येईल ती मोजकी मिनिटं पकडायची. किंवा आकाशाबरोबर शटर बदलत जायचं आणि कंदीलच तेवढा मंद करायचा. मंद करायला सर्किट नव्हतं, ते आम्हीच काढलं होतं. मग प्रॉप करणाऱ्याने कंदिलातल्या ट्रेसिंग पेपरच्या नळीवरून सरकवता येतील अशा करड्या जेलच्या नळ्या केल्या. जेल ०.३ घनतेचं, म्हणजे एक नळी बरोबर एक स्टॉप उजेड खाते. शटर १/३० झालं की एक नळी, १/१५ झालं की दोन.

मला हा उपाय फार आवडला. यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, अंधारात चाचपूनही करता येतो आणि रंग बदलत नाही. फोटोग्राफर 'एक खाली' म्हणे, प्रॉप करणारा नळी घाली, मी फक्त मागचा फ्लॅश बघे. मुख्य फोटो १/३० आणि एका नळीवर निघाला. कॅमेरा ट्रायपॉडवर, कॉस्प्लेअर श्वास रोखून. शरीर बऱ्यापैकी फ्लॅशने गोठलं होतं, त्यामुळे चेहरा धारदार आला.

मधे एक अडथळा आला. चिलखत बंद गाडीतून, उन्हात आणलं होतं. उष्णतेने डाव्या खांद्याच्या पाकळीचा जोड सुटला होता आणि ते लक्षात आलं ते पोशाख चढवताना. पेटीत झटपट चिकटणारा गोंद, वेल्क्रो, सेफ्टी पिना आणि काळा कापडी टेप होता. जोड आतून टेपने धरला आणि ती बाजू कॅमेऱ्यापासून वळवली. आकाश थांबत नसतं, तेव्हा दुरुस्ती नेटकी होण्यापेक्षा लवकर होणं महत्त्वाचं होतं.

वाऱ्याने सॉफ्टबॉक्स हलत होता म्हणून तो उतरवून लहान छत्री लावली आणि स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या. झगा उडवायला पंखा वगैरे काही नव्हता. मी टोक धरून उडवायचो आणि फ्रेमबाहेर सरकायचो.

निकाल

मुख्य फोटो हवा तसा मिळाला. डोळे दिसतात, कंदील पेटलेला आहे आणि त्यातली नक्षी शाबूत आहे, खांद्याच्या कडेवर निळी रेघ आहे. एडिटिंगमध्ये बुबुळांचा रंग, सुटलेल्या जोडाची सावली आणि फ्रेममध्ये आलेला स्टँडचा एक पाय एवढंच करावं लागलं. पूर्ण काळोखात घेतलेले जवळचे फोटोही चांगले आले, कारण तेव्हा आकाशाचा हिशेबच नव्हता.

धावतानाचे फोटो मात्र सगळे गेले. १/३० आणि १/१५ ला कंदिलाची नारिंगी रेघ उमटते आणि फ्लॅशने गोठलेला कंदील तिच्यात बुडतो. एका फ्रेममध्ये ती रेघ सुंदर वाटते, पण पात्राची काठी त्यात दिसत नाही. पूर्ण उंचीच्या काही फोटोंमध्ये बूट अंधारात गेले. पुढच्या फ्लॅशची जाळी अरुंद होती आणि पायांसाठी वेगळा लाइट ठेवला नव्हता. बकलांवर तिने घेतलेली मेहनत पाहता हे मला अजून लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी शूट वेळेवर झालं, पण ते आणखी आधी व्हायला हवं होतं. तोवर आरजीबी पट्टी, तिचं सर्किट आणि प्रोग्रॅम तयार झाले होते. कंदिलाचा नुसता सांगाडा आणि एक साधा बल्ब घेऊन, साध्या कपड्यांवर, अंगाभोवती चादर गुंडाळून हीच चाचणी करता आली असती. तिच्यासाठी पोशाख लागत नाही. चेहरा, हूडसारखं काहीतरी आणि दिव्याची जागा एवढं पुरतं.

नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर कापड, मेकअपचे पट्टे आणि चामड्यासारखं दिसणारं साहित्यही लावायला हवं होतं. आम्ही ते एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी तपासलं. खोलीच्या बल्बखाली जुळणारे दोन काळे कपडे फ्लॅशखाली वेगवेगळे काळे निघू शकतात. हातमोजे आणि पट्टा यांच्या बाबतीत तसं झालंच, एक तपकिरीकडे झुकला. एकाच फ्रेममध्ये सगळं असतं तर लगेच दिसलं असतं.

चिलखताची वाहतूक. फोमचे भाग घट्ट डब्यात, सावलीत, एकमेकांवर न रचता न्यावेत. आणि जागेवर पोचल्यावर लाइट लावण्याआधी प्रत्येक जोड हाताने तपासावा. जोड आधीच लक्षात आला असता तर कॉन्टॅक्ट सिमेंटला वाळायला वेळ मिळाला असता.

शॉटची यादी उजेडाच्या क्रमाने लावावी असं मला आता ठामपणे वाटतं. आम्ही ती पोजच्या क्रमाने लावली होती: उभी, बसलेली, धावणारी. धावणारी पोज सगळ्यात आधी, आकाशात भरपूर उजेड असताना आणि शटर वेगवान ठेवता येत असताना घ्यायला हवी होती. तेव्हा कंदील फिका दिसला असता, पण गती पकडता आली असती.

धावण्याचा फोटो कॉस्प्लेअरला अजून हवा आहे, आणि तो निळ्या उजेडातच. त्यासाठी शटर १/२०० च्या आसपास, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या वेगाच्या टोकाला न्यावं लागेल. कंदील १/६० ला बरोबर दिसतो, तेव्हा पावणेदोन स्टॉप जास्त उजेड कुठून तरी आणायचा आहे. ॲपर्चर एफ २ च्या जवळ नेलं तर चेहरा आणि कंदील दोन्ही धारदार राहणार नाहीत. आयएसओ १२५० च्या आसपास नेला तर आकाशात दाणे येतील, पण ते सहन होण्यासारखे आहेत, आणि फ्लॅशची ताकद तेवढीच खाली आणली की झालं. आकाशही १/२०० ला पुरेल इतकं उजळ हवं, म्हणून सूर्यास्तानंतर लगेचची मिनिटं. प्रॉप करणाऱ्याचा आग्रह तिसऱ्या वाटेचा आहे: गाभ्यात तीन पट्ट्या जास्त बसवायच्या. मग करंट चौपट होतो, चार पेन्सिल सेल किती वेळ टिकतील आणि बंद कंदिलात उष्णता किती साठेल हे मोजावं लागेल. तो सध्या कंदिलाच्या टोपीखाली हवा जाण्यासाठी भोकं पाडतो आहे, बाहेरून दिसणार नाहीत अशी, नक्षीच्या आत.